परदेशी विद्यार्थ्याशी भाषेची देवाणघेवाण : गोव्यात ती टिकवायची कशी

ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात किंवा पणजी-मडगावच्या एखाद्या कॉलेजात परदेशी विद्यार्थी भेटतो. ‘तू मला तुझी भाषा शिकव, मी तुला मराठी’ असं उत्साहाने ठरतं. तिसऱ्या आठवड्यात दोघंही इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा मारत बसलेले असतात आणि चौथ्या आठवड्यात भेटच होत नाही. दोघांपैकी कुणाची इच्छा कमी पडलेली नसते. ज्या गोष्टी आधी ठरवायच्या त्या राहून गेलेल्या असतात, आणि ज्या नंतर करायच्या त्या पहिल्याच दिवशी होऊन जातात. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. पहिले दोन कंटाळवाणे आहेत आणि बहुतेक जण तेच गाळतात.

टप्पा १ : कोण कुठली भाषा देणार, हे आधी ठरवा

पहिली चूक इथेच होते. परदेशी म्हणजे इंग्रजी, असं आपण धरून चालतो. मोझांबिकहून आलेल्या मुलीची शिक्षणाची भाषा पोर्तुगीज असते. टांझानियाचा मुलगा स्वाहिलीत वाढलेला असतो, अफगाणिस्तानचा दारी किंवा पश्तोत. इंग्रजी त्यांच्यासाठीही शिकलेलीच भाषा आहे, कदाचित तुमच्याइतकीच अवघड. म्हणून थेट विचारा, ‘तुला कुठली भाषा द्यायला आवडेल?’ त्याला इंग्रजी द्यायची नसेल आणि तुम्हाला इंग्रजीच हवी असेल, तर हा माणूस तुमच्या कामाचा नाही. ते पहिल्या दिवशीच कळलेलं बरं.

आता तुमची बाजू. गोव्यातल्या मराठी माणसाची अडचण वेगळी आहे. घरात कोकणी, शाळेत आणि वर्तमानपत्रात मराठी, भजनात आणि नाटकात मराठी, बाजारात पुन्हा कोकणी. बोलताना दोन्हींची सरमिसळ होते आणि आपल्या ती लक्षातही येत नाही. नवख्याला मात्र त्याचा फार त्रास होतो. मराठीतलं ‘हे किती?’ म्हणजे किंमत, तर कोकणीतलं ‘हें कितें?’ म्हणजे ‘हे काय?’. विद्यार्थी म्हापशाच्या बाजारात किंमत विचारायला जातो आणि त्याला भाजीचं नाव सांगितलं जातं.

म्हणून विद्यार्थ्याला मराठी कशासाठी हवी ते विचारा. वाचायची असेल, नाटक समजून घ्यायचं असेल, अभ्यास महाराष्ट्राशी जोडलेला असेल, तर मराठी योग्य. फक्त बसमध्ये, बाजारात आणि भाड्याच्या खोलीच्या मालकिणीशी बोलायचं असेल, तर त्याला आधी कोकणी उपयोगी पडेल. तुम्हाला ती चांगली येत असेल तर तीच द्या, मराठीचा हट्ट नको. एक भाषा ठरली की वहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने आखा, मराठी आणि कोकणी : मी–हांव, काय–कितें, किती–कितलें, आहे–आसा, नको–नाका. बाहेर कानावर पडेल ते ओळखता यावं इतकाच त्याचा उपयोग. शिकवताना दोन्ही एकत्र नको.

तपासा : ‘मी अमुक भाषा देणार, तमुक घेणार, कारण…’ हे वाक्य दोघांनाही पूर्ण करता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २ : पहिल्या भेटीतला करार

पहिली भेट ४० मिनिटांची ठेवा. ती चक्क इंग्रजीत होऊ द्या. या भेटीत भाषा शिकायची नाही, फक्त पाच गोष्टी ठरवायच्या : वार आणि वेळ, जागा, वेळेची वाटणी, चुका कशा दुरुस्त करायच्या, आणि कुठल्या विषयांवर बोलायचं नाही. शेवटची गोष्ट विचारायला संकोच वाटतो, पण युद्धातून निघून आलेल्या माणसाला घरच्यांबद्दल विचारलेलं नको असू शकतं. तुम्हालाही काही नको असेल. दोघांनी दोन-तीन विषय सांगावेत, कारण सांगायची गरज नाही.

मुदत चार आठवड्यांची ठेवा, आठवड्यातून एकदा. ‘बघू, जमेल तसं’ म्हटलं की जमत नाही. चार आठवड्यांनी थांबायचं की पुढे चालायचं हे दोघांनी मिळून ठरवायचं, म्हणजे कुणाला पळवाट शोधावी लागत नाही. विद्यापीठाच्या परीक्षेचे दिवस आधीच वगळा.

जागा निवडताना आवाज पाहा. मिरामारचा किनारा संध्याकाळी छान वाटतो, पण वाऱ्यात नवख्याला शब्दाची शेवटची अक्षरं ऐकू येत नाहीत, आणि मराठीत अर्ध्या गोष्टी शेवटच्या अक्षरातच असतात. पाट्टोवरच्या सेंट्रल लायब्ररीत वाचनकक्षात बोलता येत नाही. कॉलेजच्या कँटीनमधली दुपारी तीन-चारची वेळ, कांपालच्या बागेतला बाक, गाणी न लावणारं साधं हॉटेल, हे चालतं. पावसाळ्यात छप्पर हवंच. पत्र्याचं नको, सरी आल्या की एकमेकांचं काही ऐकू येत नाही. परतीच्या बसचाही विचार करा. आतल्या गावांकडच्या बस संध्याकाळनंतर विरळ होतात, त्यामुळे भेट उजेडात संपलेली बरी.

इशारा : पैसे देऊ-घेऊ नका. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला भारतात पगारी काम करता येत नाही. शिकवणीची फी देऊन तुम्ही त्याला अडचणीत आणाल. चहाचं बिल आळीपाळीने द्या.

आणखी एक, खास गोव्याचा. पोर्तुगीज जाणणारा भेटला की आजोबांच्या जमिनीचे जुने दस्तऐवज घेऊन जाण्याचा मोह आवरा. ती कायद्याची जुनी भाषा आहे आणि तो भाषांतरकार नाही. ते काम त्यातल्या जाणकाराचं.

टप्पा ३ : नाव आधी

दुसऱ्या भेटीच्या सुरुवातीला दोघांनी एकमेकांचं पूर्ण नाव तीनदा ऐकायचं आणि म्हणायचं. त्याचं नाव देवनागरीत लिहून द्या, तुमचं त्याच्या लिपीत लिहून घ्या. कुठला भाग घरचा, कुठला वडिलांचा, हाक कशाने मारायची, हे विचारा. सोयीसाठी नाव आखूड करू नका, जोवर तो स्वतः सांगत नाही. आफ्रिकेतला प्रत्येक जण ‘नायजेरियन’ नसतो. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

तुम्हाला काय म्हणायचं तेही आत्ताच ठरवा. समवयस्क असाल तर ‘तू’. पण ‘तुम्ही’ त्याला पहिल्याच दिवशी द्या आणि वडीलधाऱ्यांशी तेच वापरायचं असं सांगा. ‘तुम्ही’ची सवय लागलेला माणूस चुकून मित्राला ‘तुम्ही’ म्हणाला तर हसून सोडता येतं. तुमच्या आजीला ‘तू ये’ म्हणाला तर घरात शांतता पसरते. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचं, हेही याच भेटीत.

टप्पा ४ : तयारीचं पान

प्रत्येक भेटीला एक विषय, आणि दोघांनीही त्यावर एकेक पान आदल्या रात्री तयार करायचं. पानावर एवढंच :

– त्या विषयाचे १० शब्द, जास्त नाहीत
– ६ प्रश्न, ज्यांचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येणार नाही
– एक वस्तू किंवा फोटो

विषय लहान हवा. ‘संस्कृती’ हा विषय नाही. ‘सकाळी दारात कोण कोण येतं’ हा विषय आहे. त्यात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू येतो, उंडो आणि पोळी हे पावाचे प्रकार येतात, मासे विकणारी येते, आणि समोरच्याकडून त्याच्या गल्लीतली सकाळ कळते. ‘तुमचा देश कसा आहे?’ या प्रश्नाला कुणीही ‘छान आहे’ असंच उत्तर देतो.

दोन भाषांत समान असलेले शब्द पहिल्या पानासाठी चांगले. पोर्तुगीज बोलणाऱ्यासमोर पाव, मेज, साबण, चावी, बटाटा, काजू, घमेलं ठेवा, तो हसेल. स्वाहिलीवाल्याला ‘किताबू’ आणि ‘हबारी’वरून किताब आणि खबर लगेच कळतील. पण अर्थ पडताळून घ्या. आपला ‘पगार’ दर महिन्याला हातात येतो, पोर्तुगीजमधलं ‘पगार’ म्हणजे पैसे देणे, क्रियापद आहे.

टप्पा ५ : एक तास, मिनिटांच्या हिशोबाने

५ मिनिटं : मागच्या वेळच्या चुका मोठ्याने वाचणे.
२५ मिनिटं : पहिली भाषा.
२५ मिनिटं : दुसरी भाषा.
५ मिनिटं : वहीत नोंदी आणि पुढचा विषय.

मोबाइलवर गजर लावाच. गजर नसला की चांगलं बोलणाऱ्याची भाषा ४० मिनिटं खाते आणि दुसऱ्याच्या वाट्याला ‘अरे, वेळ संपली’ येतं. असं दोनदा झालं की ज्याचं नुकसान झालं तो तिसऱ्यांदा ‘ताप आला’ म्हणून कळवतो.

ज्या भाषेत शिकणारा जास्त कच्चा आहे ती आधी घ्या. मेंदू ताजा असताना अवघड काम. सहसा ती मराठी असते.

एका अर्ध्यात एकच भाषा. अडलं तर एक शब्द इंग्रजीत विचारायचा आणि लगेच परत यायचं. हिंदीलाही बंदी. परदेशी चेहरा दिसला की आपल्या तोंडी आपोआप हिंदी येते, आणि विद्यार्थी ‘मेरा नाम’ला मराठी समजून महिनाभर वापरत राहतो.

विद्यार्थी अगदीच नवखा असेल तर २५ मिनिटांचं संभाषण शक्य नसतं, त्याचा आग्रह धरू नका. ती वेळ तीन तुकड्यांत मोडा. पहिल्या ८ मिनिटांत तुम्ही फोटोबद्दल बोलायचं, तो फक्त बोट दाखवेल. पुढच्या ८ मिनिटांत तुम्ही विचारायचं आणि तो एका शब्दात सांगेल. उरलेल्या वेळात तोच फोटो तो सांगेल, तीन-चार वाक्यांत, मोडकंतोडकं का होईना.

ज्याला थोडं बोलता येतं त्याच्यासाठी एक पद्धत हमखास चालते. तीच गोष्ट तीनदा सांगायची : आधी ४ मिनिटांत, मग ३, मग २. गोष्ट तीच असल्याने काय सांगायचं याचा विचार संपतो आणि भाषा सुटी होते. तिसऱ्या वेळी अडखळणं कमी झालेलं तुम्हाला ऐकू येईल. ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. आपल्या लोकांना हे सर्वांत जड जातं.

बोलण्याचा वेग कमी करा, आवाज वाढवू नका. आणि मोडकी मराठी बोलू नका. ‘तू बाजार जाणार? काय घेणार?’ असं बोललात तर तो तेच शिकेल. वाक्य छोटं पण पूर्ण हवं : ‘तू बाजारात कधी जातोस?’ विचारून झालं की मनात पाच आकडे मोजा. गप्प बसलेला माणूस बहुधा वाक्य जुळवत असतो. त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण केलंत तर त्याची ती पाच सेकंदांची मेहनत वाया जाते.

तपासा : प्रत्येक भाषेच्या अर्ध्यात ती शिकणारा निम्म्याहून जास्त वेळ बोलला का? खात्री नसेल तर एकदा परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा आणि दोघांनी ऐका. बहुतेकांना आपण किती बोलतो हे तेव्हाच कळतं.

प्रश्नांची सरबत्ती ही दुसरी मोठी चूक. आपल्याकडे ओळख म्हणजे ‘घरी कोण कोण असतं, वडील काय करतात, लग्न झालं का, भाडं किती देतोस’. आपल्याला यात आपुलकी वाटते, त्याला चौकशी. क्रम उलटा करा : आधी स्वतःबद्दल दोन वाक्यं सांगा, मग त्याच विषयावर एक प्रश्न, आणि आलेल्या उत्तरावरच पुढचे दोन प्रश्न. पानावर सहा प्रश्न असले तरी चांगल्या भेटीत दोनच वापरले जातात. तोच विषय दोन आठवड्यांनी पुन्हा काढा. ‘तुझ्या बहिणीची परीक्षा होती ना, झाली का?’ ओळख वाढते ती अशा दुसऱ्या विचारण्याने. ते लक्षात राहावं म्हणून वहीत लिहून ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

टप्पा ६ : चुका दुरुस्त करण्याची रीत

बोलणं चालू असताना थांबवायचं फक्त अर्थ कळत नसेल तेव्हा. बाकी चुका ऐकणाऱ्याने कागदावर टिपायच्या आणि अर्धा संपला की त्यातल्या तीनच सांगायच्या, वारंवार होणाऱ्या. दहा सांगितल्या तर एकही राहत नाही, आणि पुढच्या वेळी माणूस तोंड उघडायला घाबरतो.

वहीत तीन रकाने : मी काय म्हटलं, बरोबर काय, माझं नवं वाक्य. तिसरा रकाना शिकणाऱ्याने घरी भरायचा. तो रिकामा राहिला तर पहिल्या दोनांचा उपयोग नाही.

मराठी शिकणाऱ्यांच्या काही चुका ठरलेल्या आहेत, त्यासाठी तयार राहा :

लिंगाची नक्कल. मुलगी मुलाकडून शिकत असेल तर ती ‘मी जातो’ म्हणते, कारण तिने तेच ऐकलेलं असतं. इथे नक्कल चालत नाही. प्रत्येक नवं क्रियापद दोन्ही रूपांत सांगा, जातो–जाते, आणि तिचं रूप तिच्याकडून म्हणवून घ्या. पोर्तुगीज शिकताना हाच घोटाळा तुमचा होईल : आभार मानताना पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतो, स्त्री ‘ओब्रिगादा’.

भूतकाळ. ‘मी पोळी खाल्लो’ हे हमखास ऐकाल. नियम समजावत बसू नका. ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं’ ही तीन वाक्यं द्या आणि चौथं त्याला करू द्या. भाषा जन्मापासून बोलणाऱ्याला नियम येतातच असं नाही, आणि जागच्या जागी रचलेला नियम पुढच्या वाक्यातच मोडतो. ‘असंच म्हणतात, उदाहरणं देतो’ हे प्रामाणिक उत्तर आहे.

आम्ही आणि आपण. ‘आपण जेवायला जाऊ’मध्ये तो आहे, ‘आम्ही जेवायला जातो’मध्ये नाही. हे नीट न कळल्यामुळे गैरसमज होतात, म्हणून लवकर सांगा.

उच्चार. चमच्यातला च आणि चित्रातला च वेगळे, पण लिहायला एकच अक्षर. क–ख, त–थ, ड–ढ या जोड्यांसाठी तोंडासमोर कागदाचा कपटा धरायला लावा. ख म्हणताना तो हलला पाहिजे. ळ लगेच येत नाही. आठवड्याला पाच शब्द पुरेत.

इशारा : त्याच्या बोलण्याची नक्कल करून चारचौघांत हसवू नका. व्हिडिओ काढून गटावर टाकणं तर नाहीच.

टप्पा ७ : टेबलावरून बाहेर

चार-पाच भेटींनंतर एक भेट बाहेर घ्या. कामं छोटी आणि ठरलेली : बसचं तिकीट काढणं, पायलटला, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याला, भाडं विचारणं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तीन वस्तू घेणं. त्याने बोलायचं, तुम्ही दोन पावलं मागे उभं राहायचं. विक्रेता तुमच्याकडे बघून उत्तर देईल, तेव्हा त्याच्याकडे हात दाखवा आणि गप्प राहा.

आकड्यांची तयारी आधी करा, पण सगळे नकोत. मराठीत शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो आणि तिथेच लोक हात टेकतात. १ ते २०, मग दशकं, मग २५ आणि ७५. बाजारात सुरुवातीला एवढ्यावर भागतं. उत्तर कोकणीत येणार हे सांगून ठेवा, ते कळलं तरी पुरे. प्रश्न मराठीत विचारला तर कुणी रागावत नाही.

टप्पा ८ : घरी बोलावणं

उत्साहात पहिल्याच आठवड्यात घरी जेवायला बोलावणं ही गोड चूक आहे. दहा माणसं, दहा दिशांनी इंग्रजी-हिंदी प्रश्न, ताटात आग्रह, आणि भाषेचा एक शब्दही नाही. आठ-दहा भेटी होऊ द्या.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, हा उत्तम प्रसंग. आधी विचारून घ्या : काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे, पूजेच्या वेळी बसायला चालेल का. चवथीचं जेवण शाकाहारी असल्याने बऱ्याच अडचणी आपोआप सुटतात, पण नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) सारणात आणि खतखत्यात (मिश्र भाजीत) काय आहे ते सांगता यायला हवं. चप्पल कुठे काढायची, कशाला हात लावायचा नाही, हे आदल्या दिवशी कळवा. फोटो काढायला चालेल का, हे घरच्यांना तुम्ही विचारा.

माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगलेली चौकट, हा टांगलेला शब्दसंग्रहच आहे. नारळ, सुपारीचे घड, केळीचा घड, तवशें (काकडी), रानातली फळं. तिच्याखाली उभं राहून दहा नावं विचारायची, हे त्याचं त्या दिवसाचं काम. घरातल्या एका माणसाला, शक्यतो कमी इंग्रजी येणाऱ्या आणि गप्पिष्ट, त्याच्याशी बोलायला नेमा. बाकीच्यांना दोन सूचना : इंग्रजी नको, आणि रंग, केस, लग्न, धर्म यांवर प्रश्न नकोत. आजी तरीही विचारेल. विद्यार्थ्याला आधी सांगून ठेवा आणि ‘अजून नाही, आजी’ हे उत्तर शिकवून ठेवा.

इशारा : जेवायला येणं आणि मुक्काम करणं यांत कायद्याने फरक आहे. परदेशी नागरिक रात्री राहणार असेल तर यजमानाने २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन नोंदवायची असते, घर खासगी असलं तरी. तेवढी तयारी नसेल तर रात्री त्याला खोलीवर पोचवा.

टप्पा ९ : खंड पडला तर

परीक्षा, सुट्टी, आजारपण, खंड पडणारच. दोन आठवड्यांहून जास्त खंड पडणार असेल तर आठवड्याला एक मिनिटाचा आवाजी संदेश, तुम्ही त्याच्या भाषेत, त्याने मराठीत. उत्तर त्याच दिवशी यायला हवं असा आग्रह नको. परत भेटाल तेव्हा नवा विषय घेऊ नका. जुन्या वहीतली दोन पानं मोठ्याने वाचा आणि जिथे थांबला होतात तो विषय पुन्हा घ्या.

दोघांपैकी एकाला पुढे चालवायचं नसेल तर ते चार आठवड्यांच्या आढाव्यात सांगावं, व्हॉट्सॲपवर गप्प होऊन नव्हे. एकाच्या मनात मैत्रीपलीकडचं काही असेल आणि दुसऱ्याच्या नसेल, तर तेही तोंडावर स्पष्ट सांगायचं आणि भाषेच्या भेटी थांबवायच्या. अशा अवघडलेल्या तासात कुणी काही शिकत नाही.

विद्यार्थी कायमचा परत जाणार असेल तर जाण्याआधीच्या भेटीत पहिल्या आठवड्यातलाच फोटो पुन्हा घ्या, त्यावर दोघांनी आपापल्या शिकलेल्या भाषेत दोन मिनिटं बोला आणि ते मुद्रित करून ठेवा. पुढच्या भेटी फोनवर चालवायच्या की नाहीत, त्याच दिवशी ठरवा. चालवायच्या असतील तर दोन देशांच्या घड्याळांचा हिशोब लावून वार आणि वेळ लिहून घ्या.